हिवरदरीच्या रपट्याचा व्हिडिओ

फोन राजकुमारचा होता. राजकुमारचा फोन म्हणजे कुठेतरी काहीतरी बंद पडलेलं असणार, हे अनघाताईंना उचलायच्या आधीच कळलं.

"मॅडम, लवकर या. सभागृहात. व्हिडिओ चालून नाही राह्यला."

"स्पीकरची वायर बघितलीस का?"

"आवाजाचं नाही मॅडम, चित्रच नाही. नुसतं काळं. इकडं पब्लिक तापली आहे, मले वाटते आता माझीच गचांडी धरतात."

अनघा दाणी बाभुळगावात कॉम्प्युटरचे वर्ग चालवत. तालुक्यात कुठेही पडद्यावर काही अडलं, मग तो लग्नाचा अल्बम असो की साहेबांची पीपीटी, लोक आधी त्यांना फोन लावत आणि मग देवाला. चाललं तर प्रोजेक्टर चांगला आणि नाही चाललं तर दाणी मॅडमला काही येत नाही, असा सगळा न्याय. मूळचा स्वभाव तिखट, त्यात हे. त्यांनी ताटावरचा घास तसाच ठेवला, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटीला किक मारली.

सभागृहाच्या दारातच तानाबाईंचा आवाज ऐकू आला.

"रविवारी चालला, काल चालला, मंग आजच कायले मेला तो? आमी अडानी आहो म्हनून असं करता काय?"

तानाबाई हिवरदरीच्या शाळा समितीच्या अध्यक्ष. कापसाची वेचणी ऐन भरात असताना दिवसाची मजुरी बुडवून गावातल्या बायांना घेऊन त्या आल्या होत्या. त्यांच्यासमोर राजकुमार, पंचायत समितीतला बाबू, हात जोडून उभा होता. पडद्यावर स्लाइड होती. स्लाइडच्या मधोमध काळा चौकोन, आणि त्यात एक पांढरा त्रिकोण. त्रिकोण दाबला की काहीच होत नव्हतं.

टेबलाच्या मागे शिक्षणाधिकारी विजयमाला राऊत बसल्या होत्या. चष्मा काढून त्या डोळे चोळत होत्या.

"तुम्हीच का दाणी मॅडम? बघा काही होतंय का. मला चारला यवतमाळला निघायचं आहे आणि अहवाल आजच द्यायचा आहे. समोर जे दिसेल ते मी लिहिणार. नाही दिसलं तर जे कागदावर आहे ते."

कागदावर काय आहे ते सगळ्या सभागृहाला पाठ होतं. हिवरदरीच्या शाळेत पोरं कमी, म्हणून शाळा बंद करून पोरांना लोणखेडच्या शाळेत पाठवायचं असा प्रस्ताव. दोन्ही गावांच्या मध्ये नाला, नाल्यावर रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल. कागदावर रस्ता 'बारमाही'. राऊत मॅडम आठवड्यापूर्वी स्वतः जाऊन पाहून आल्या होत्या. डिसेंबरचा महिना, रपटा खडखडीत कोरडा, त्यावर शेळ्या उन्हाला बसलेल्या. यावरून पोरं वाहून जातील असं कोण म्हणणार?

म्हणून तो व्हिडिओ. ऑगस्टच्या पुरात तानाबाईंच्या मुलाने, अमरने, फोनवर काढलेला. लोणखेडच्या शाळेतून परत येणारी मोठी पोरं रपट्यापाशी अडकली आहेत, पाणी कमरेच्या वर चढलं आहे, आणि हिवरदरीचे अवधूत सर एकेका पोराला खांद्यावर घेऊन पाण्यातून पलीकडे आणत आहेत. ज्याने पाहिला त्याच्या अंगावर काटा आला होता. आता पहिली-दुसरीची लेकरंही त्याच वाटेने जाणार होती, आणि त्यांत तानाबाईंची नात अर्पिताही होती.

"फोनमध्ये असेल ना?" अनघाताईंनी अमरला विचारलं.

अमरने खाली बघितलं. "फोन भरला होता मॅडम. सरले देल्यावर मी उडवून टाकला."

"धन्य आहेस. आणि सर, तुमच्याकडे?"

अवधूत सर पुढे आले. चाळिशीचे, नीटनेटके, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. पीपीटी त्यांनीच बनवली होती. अनघाताई त्यांना ओळखत होत्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सर पहिल्या रांगेत बसत, आणि मागच्यांना समजलं नाही की उठून त्यांना समजावून सांगत.

"लॅपटॉपमध्ये जागा नव्हती मॅडम. दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकला. म्हटलं पीपीटीत आहेच, दोन-दोन ठिकाणी कशाला?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "मिताली, आत्ता नको बेटा, मीटिंग चालू आहे." त्यांनी फोन खिशात टाकला. "मॅडम, तुमच्याच हाताखाली शिकलोय. माझी तर लाज चालली आहे."

अनघाताई लॅपटॉपसमोर बसल्या. पंचायत समितीचा लॅपटॉप म्हातारा होता, चालताना घरघरायचा. त्यांनी फाइल बंद करून पुन्हा उघडली. झटक्यात उघडली. पण चौकोन काळा तो काळाच.

मागून सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, बंद करून चालू करा. एक म्हणाला, व्हायरस असन. एका काकांनी प्रोजेक्टरच्या भिंगावर रुमाल फिरवला. अनघाताईंनी मागे वळून फक्त पाहिलं. काका रुमाल खिशात घालून जागेवर जाऊन बसले.

त्यांना कारण कळल्यासारखं वाटलं. हल्लीच्या फोनने काढलेल्या व्हिडिओची जात वेगळी असते, जुन्या लॅपटॉपला ती पचत नाही. असं त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. "काही नाही, मशीन जुनं आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या लॅपटॉपवर धावेल बघा."

पेनड्राइव्ह काढला, आपल्या लॅपटॉपला लावला, फाइल उतरवून घेतली. वायर जोडली. पडद्यावर पहिली स्लाइड आली: गुलाबाचं फूल, आणि शेजारी सुबक अक्षरात 'मा. विजयमाला राऊत मॅडम यांचे सहर्ष स्वागत'. सभागृह श्वास रोखून बसलं. पुढची स्लाइड, पुढची, आणि मग तो चौकोन.

काळा.

"झालं समाधान?" मागच्या रांगेतून मारोतरावांनी विचारलं. मारोतराव लोणखेडचे सरपंच. हिवरदरीची पोरं आली तर त्यांच्या शाळेला एक मास्तर वाढून मिळणार होता, त्यामुळे आजच्या दिवसात खूश असलेला माणूस तेवढा तोच होता. "बाई, कायले टाइम घालवता? नशिबात नाही तं नाही."

"मारोतराव, तुमी तोंड नका उघडू," तानाबाई कडाडल्या. "मशीनपाशी तुमीच बसले होते सकाळी. पायलं मी."

"बसलो होतो. बाबूले चहा पाजला. चहा पाजणं गुन्हा आहे काय?"

राऊत मॅडमनी टेबलावर हात आपटला. "पुरे! जेवून घ्या सगळे. दाणी मॅडम, तोवर काय ते बघा. नंतर मी थांबणार नाही."

अनघाताई मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसल्या. मान दुखायला लागली होती. स्वतःचाच राग येत होता, कारण सगळ्यांसमोर छातीठोक सांगून त्या तोंडावर आपटल्या होत्या. त्यांनी फाइलवर बोट ठेवून तिचं वजन पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

पूर्ण व्हिडिओ पोटात असलेली फाइल गरोदर बाईसारखी जड असते. सावकाश उघडते, उतरवून घ्यायला वेळ घेते. ही तर एका फोटोएवढी होती. म्हणजे हिच्या पोटात व्हिडिओ नव्हताच. होता तो व्हिडिओचा नुसता पत्ता. ज्या लॅपटॉपवर तो व्हिडिओ ठेवलेला असेल, त्या एकाच लॅपटॉपवर तो चालणार. बाकी जगात कुठेही न्या, काळा चौकोन. नवशिके हीच चूक करतात. अनघाताई दर प्रशिक्षणात यावरच घसा कोरडा करत.

पण मग रविवारी तो गावात कसा चालला?

त्यांनी अमरला बोलावलं.

"रविवारी कुठे दाखवला होता?"

"ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर. सारं गाव जमलं होतं."

"सरांच्या लॅपटॉपवर नाही?"

"नाही जी. सर आलेच नव्हते. रविवार होता ना. पेनड्राइव्ह आमच्यापाशी देल्ता त्याईनं, मीच लावला."

"लगेच उघडला?"

"कायचा! चकरी फिरे, फिरे, फिरतच राहे. बाबाची सुपारी कातरून खाऊन झाली तवा उघडला. पण चालला मस्त."

"पहिल्या पानावर काय होतं?"

अमरने आठवलं. "गुलाबाचं फूल होतं. आन् बोरकर सायबायचं नाव. तेच येणार होते ना पहिले, आजच्या मीटिंगले. मॅडमचं कालच ठरलं म्हने."

अनघाताईंची बोटं टेबलावर थांबली.

"काल केव्हा?"

"सरनं सांगतलं काल, शाळेत. सकाळी मेसेज आलता म्हने सरले."

"काल शाळेत कशाला गेला होतात?"

"तालीम होती ना. सरनं त्याईच्या लॅपटॉपवर लावून दाखवलं, मायले अन् मले. झकास चालला."

"त्या वेळी पहिल्या पानावर कोणाचं नाव होतं?"

"पहिलं पान कुठी पायलं मॅडम? सरनं सीधा व्हिडिओच लावला."

"त्याआधी पेनड्राइव्ह कोणाकडे होता?"

"मायच्या डब्यात. काल सरच्या हातात देला, मंग वापस डब्यात. अन् आज बाबूले देला."

म्हणजे रविवारपासून आतापर्यंत ती फाइल दोनच हातांत गेली होती. अनघाताईंनी राजकुमारला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. राजकुमारला घाम फुटला होता.

"फाइलमध्ये स्वागताची स्लाइड तू टाकलीस?"

"नाही मॅडम."

"साहेब बदलले की पहिलं नाव बदलायचं काम कोणाचं असतं?"

"असते माझंच. पण आज मी हातच नाही लावला. उघडून पायलं तं मॅडमचं नाव पहिलेच होतं. मी म्हटलं, चला, एक काम वाचलं."

"मारोतरावांनी चहा पाजून काही करायला सांगितलं?"

"त्याईनं सांगतलं, व्हिडिओच्या टायमाले आवाज कमी ठेव. तेवढंच. देवाशपथ!"

"शपथ नको घेऊस. तुझ्या मशीनवर मराठी कोणत्या फॉन्टमध्ये टाइप करतोस?"

राजकुमार ओशाळला. "जुन्याच. तुमाले तं माहीत आहे. मले तोच येते."

अनघाताईंना चांगलंच माहीत होतं. तालुक्यातले सगळे बाबू तो जुना फॉन्ट वापरत. त्यांच्या मशीनवर अक्षरं मोत्यासारखी, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं की सगळ्या स्वागताची इंग्रजी अक्षरांत खिचडी. एकदा तर पालकमंत्र्यांच्या नावाची झाली होती, आणि शिव्या अनघाताईंनी खाल्ल्या होत्या. आज त्यांच्या लॅपटॉपवर राऊत मॅडमचं नाव अगदी सुबक दिसलं होतं. हे नाव राजकुमारने टाइप केलेलं नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या. "पाणी पी. तू सुटलास."

मारोतराव स्वतःहूनच आत आले. "माझीबी चौकशी करा बाई. बाहेर त्या बाया माझ्याकडं असं पाहून राह्यल्या जसा मी डोमा नाग आहो."

"आवाज कमी ठेवायला का सांगितलं?"

"काहून म्हंजे? त्यात लेकरं रडतात. मॅडमचं मन पिघळलं असतं." मारोतरावांनी खुर्ची ओढली. "मी लबाडी केली ती एवढी. पण एक सांगतो, मले मशीनमधलं काही समजत नाही. मले व्हिडिओ बंद पाडाचा असता तं मी लाइटच घालवली असती."

हे मात्र पटण्यासारखं होतं.

"आन् खरं सांगू काय," ते उठता उठता म्हणाले, "एवढी ओरड गावानंच करावी. मास्तरचं काय बिघडते? शाळा बंद झाली तं त्याले यवतमाळपाशी, घराजवळच जागा भेटते. मी तं म्हटलंबी त्याले, तुमी कायले धावपळ करता?"

"काय म्हणाले सर?"

"काहीच नाही. चूप राह्यले."

दार बंद झालं. अनघाताईंनी लॅपटॉप थोडा दूर सारला. त्यांना पुढचं काम करावंसं वाटत नव्हतं. हे मशीन बिघडलेलं असतं तर किती बरं झालं असतं! मशीनला शिव्या देता येतात.

शेवटी त्यांनी फाइलच्या माहितीचं पान उघडलं. काळ्या चौकोनामागे दडलेला पत्ता तिथे लिहिलेला असतो. व्हिडिओचं नाव 'रपटा'. जागा डेस्कटॉप. आणि ज्याच्या नावाने तो लॅपटॉप चालू होतो, ते नाव: मिताली.

त्यांनी लॅपटॉप मिटला आणि राऊत मॅडमना निरोप पाठवला. तानाबाई, अमर, मारोतराव, राजकुमार आणि अवधूत सर, सगळ्यांना घेऊन आत या.

खोलीत जेमतेम उभं राहायला जागा होती. राऊत मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"लवकर सांगा. दुरुस्त झालं?"

"बिघडलंच नव्हतं मॅडम," अनघाताई म्हणाल्या. "बिघडवलं होतं."

राऊत मॅडमनी चष्मा नीट केला.

"रविवारी ही फाइल गावच्या कॉम्प्युटरवर चालली. उघडायला वेळ लागला, कारण व्हिडिओ आत होता. आज ती झटकन उघडते, कारण आत व्हिडिओ नाही, नुसता पत्ता आहे. म्हणजे रविवारनंतर कोणीतरी जुनी फाइल पुसून ही दुसरी ठेवली. पेनड्राइव्ह होता तानाबाईंच्या डब्यात. तिथून निघाला दोनदाच. काल सरांकडे, आज राजकुमारकडे."

"मी नाही!" राजकुमार ओरडला.

"तू नाहीस. तू टाइप केलं असतंस तर माझ्या लॅपटॉपवर मॅडमच्या नावाची खिचडी झाली असती." त्या सरांकडे वळल्या. "सर, रविवारनंतर तुम्ही ही फाइल बदललीत?"

"नाही. काल फक्त लावून दाखवली."

"मग स्वागताच्या स्लाइडवर राऊत मॅडमचं नाव कसं आलं? रविवारी तिथे बोरकर साहेब होते."

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "ते... असेल, काल घाईत बदललं असेल मी. लक्षात नाही."

"ठीक. काल तालमीत व्हिडिओ चालला?"

"चालला. सगळ्यांनी पाहिला."

"तुमच्या लॅपटॉपवर?"

"हो."

"दिवाळीत तुम्ही त्या लॅपटॉपवरून व्हिडिओ काढून टाकला होता."

"हो, पण पीपीटीत होता ना."

"ह्या पीपीटीत नाही सर. हिच्यात फक्त पत्ता आहे. व्हिडिओ लॅपटॉपवर असल्याशिवाय ही चालूच शकत नाही. काल चालला, म्हणजे काल तो तुमच्या लॅपटॉपवर होता. आणि मॅडम, पत्त्यात ज्या लॅपटॉपचं नाव आहे तो मितालीच्या नावाने चालतो. मिताली कोण ते मघाशी सरांच्याच तोंडून ऐकलं मी."

अमरचं तोंड उघडंच राहिलं. मारोतराव भिंतीला टेकले.

"सर, तुमची हुशारी मी मान्य करते," अनघाताईंचा आवाज आता चढला होता. "पीपीटीत व्हिडिओ चालला नाही तर कोणी पोलिसात जातं का? रोज कुठे ना कुठे चालत नाही. लोक चार शिव्या घालतात, बाबूला किंवा मला, आणि घरी जातात. चोरी झाली हे कोणाला कळणारही नव्हतं. बोरकर साहेबांचं नाव तसंच ठेवलं असतं ना, तर मी म्हटलं असतं फाइल रविवारचीच आहे, मशीनचाच दोष. पण तुम्ही पडलात सरकारी माणूस. मोठ्या मॅडम येणार आणि पहिल्या पानावर दुसऱ्याचं स्वागत? हात धजावला नाही. गावाचं वाटोळं करताना स्वागत तेवढं चुकवलं नाही!"

"हे खरं आहे?" राऊत मॅडमनी विचारलं.

सर खुर्चीत बसले. खिशातली पेनं काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले.

त्यांनी पेनं पुन्हा खिशाला लावली.

"त्या दिवशी शेवटचं पोरगं खांद्यावर होतं तेव्हा माझा पाय सुटला. अमरचा फोन तेव्हा दुसरीकडे होता, ते व्हिडिओत नाही. कठड्याचा दगड हाताला लागला म्हणून वाचलो. तेव्हापासून रोज सकाळी लोणखेडचं वळण आलं की गाडी बंद करून उभा राहतो. रपटा कोरडा असला तरी. बदलीचे अर्ज केले, कोणी विचारलं नाही. मग हा प्रस्ताव आला. शाळा बंद झाली की मला आपोआप दुसरीकडे घालतील. पण गावानं पीपीटी मलाच करायला सांगितली. नाही कसं म्हणू? सगळे मला देव म्हणत होते." त्यांनी मान खाली घातली. "मी म्हटलं, बंद पडला व्हिडिओ तर कोणाचा दोष नाही."

तानाबाईंनी अमरला बाजूला सारलं. त्या पुढे झाल्या. आवाज मोठा नव्हता.

"म्हंजे पान्याचं भेव तुमाले बी हाये."

सरांनी मान हलवली.

"तुमी एवढे बाप्ये मानूस. तुमाले भेव हाये. मंग माह्या अर्पिताले काय नसन? तुमी सुटाव म्हनून तिले त्या पान्यात धाडून राह्यले होते तुमी?"

राऊत मॅडमनी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

"सर, घरी फोन लावा," अनघाताई म्हणाल्या. "व्हिडिओ हवा आहे मला. बाकीचं नंतर."

सरांनी फोन लावून तो त्यांच्याकडे दिला. पलीकडून चिवचिवता आवाज आला.

"मिताली, मी दाणी काकू बोलते. तुझ्या लॅपटॉपवर रपटा नावाचा व्हिडिओ आहे?"

"हो काकू, बाबांचा! मी सगळ्या मैत्रिणींना दाखवते. बाबा किती भारी दिसतात ना त्यात?"

आवाज खोलीभर ऐकू गेला. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हो बेटा. मला पाठव लगेच. आत्ताच्या आत्ता."

मग जे सुरू झालं ते अनघाताई जन्मात विसरणार नाहीत. यवतमाळहून व्हिडिओ निघाला आणि बाभुळगावच्या नेटवर्कने त्याला वेशीवर अडवलं. निळी रेघ थोडी सरके आणि थांबे. बाहेर मॅडमचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. अमर फोन हातात धरून खिडकीत चढला. "इकडं येते मॅडम रेंज, इकडं!" अनघाताई लॅपटॉप घेऊन खिडकीखाली उभ्या राहिल्या. रेघ पुन्हा अडकली. त्यांनी नेटवर्कच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, मोठ्याने, आणि कोणीही त्यांना थांबवलं नाही. मारोतरावांनी गुपचूप आपल्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं.

"माझ्याले फुल रेंज असते," ते कोणाकडे न बघता म्हणाले. "लावा."

रेघ पुरी झाली.

सभागृहातले दिवे आणि पंखे बंद केले. राजकुमारने विचारलं, "आवाज किती ठेवू?" अनघाताई म्हणाल्या, "पूर्ण."

पडद्यावर पाणी आलं. मातकट, फेसाळ, रपट्याच्या दोन्ही कठड्यांवरून उसळणारं. लोणखेडच्या बाजूला पोरं एकमेकांना धरून उभी होती, दप्तरं डोक्यावर. एक मुलगी आईला हाका मारत होती. मग अवधूत सर दिसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तिचा उपयोग शून्य. ते एका पोराला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी थांबत होते. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. राऊत मॅडम खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या.

व्हिडिओ संपला तरी कोणी दिवे लावले नाहीत. राऊत मॅडमनी आपल्यासमोरचा प्रस्ताव उघडला, 'बारमाही' शब्दावर आडवी रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं.

"पूल झाल्याशिवाय ही शाळा बंद होणार नाही, असं मी लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "सर, तुमचं वेगळं बघावं लागेल. तानाबाई, तुमची लेखी तक्रार द्या."

टाळ्या वाजल्या नाहीत. बायांना आनंद करावा की नाही हेच कळत नव्हतं. अवधूत सर कोपऱ्यात उभे होते. शाळा राहिली होती, म्हणजे तेही तिथेच राहणार होते.

तानाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना राग आवरत नव्हता, हे त्यांच्या मुठीवरून दिसत होतं.

"तक्रार मी देत नाही," त्या म्हणाल्या. "देऊन काय करू? दुसरा मास्तर त्या वाटेनं येते काय कोणी? पन सर, मले सांगाले पाह्यजे होतं. भेव वाटते म्हनून सांगाले काय झालं होतं? आमी रोज भेतो."

सरांनी हात जोडले.

"उद्या शाळा हाये," तानाबाई म्हणाल्या. "या टायमावर. आन् पान्याच्या दिवसात अमर लोणखेडच्या बाजूनं उभा राहीन तुमच्यासाठी. त्याचा हात धरून या."